मूळ प्रत

१

पाकीट उघडलं तेव्हा खिडकीच्या अलीकडे किल्लीकाका आणि मी होतो, पलीकडे नोंदणी कार्यालयाचा कारकून. त्याने आतले कागद काढले, उलटसुलट करून बघितले आणि चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

"काका, हे काय आणलंत?"

"भाडेकरार. मूळ प्रत. वडिलांनी स्वतः जपून ठेवलेली."

"ह्या पावत्या आहेत. कोऱ्या. तुमच्याच दुकानाच्या."

सहा पावत्या होत्या. वर दुकानाचं नाव, खाली जुना सहा आकडी फोन नंबर, मधे काही नाही. सगळ्या एका टाचणीत अडकवलेल्या. काकांनी पाकीट हातात घेऊन आत डोकावून बघितलं, मग ते उलटं करून झटकलं. आत काही नव्हतं.

"शुक्रवारी पाच वाजता ही खिडकी कायमची बंद होते," कारकून हळू आवाजात म्हणाला. "आज मंगळवार आहे. घरी नीट शोधा."

मी तिथे होते ती काकांची शेजारीण म्हणून. मी भाडेकोर्टात एकतीस वर्षं टायपिस्ट होते. किती जणांना जागेवर ठेवणारे आणि किती जणांना बाहेर काढणारे निकाल माझ्या बोटांखालून गेले, त्याची गणती नाही. एका निकालातला एक शब्द बदलायचा अधिकार मला कधी नव्हता. निवृत्त झाल्यावर काकांच्या दुकानाशेजारी, जिन्याखाली टेबल टाकलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. सगळे मला टायपिस्टबाई म्हणतात.

चार महिन्यांपूर्वी कायदा बदलला. धंद्याच्या जागांवरचं भाडे नियंत्रण उठलं. म्हणजे दुकानाचं भाडं मालक ठरवणार, आणि नको असेल तर तीन महिन्यांत जागा रिकामी करून मागणार. एकच फट ठेवली होती. ज्या भाडेकरूकडे वीस वर्षांपेक्षा जुन्या कराराची मूळ प्रत आहे, त्याने ती दाखवून शिक्का मारून घ्यायचा. त्याला आणखी दहा वर्षं कोणी हात लावणार नाही. पूर्वी भाड्याच्या पावत्या दाखवल्या की काम भागायचं. आता पावत्यांना काडीची किंमत नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर काका थांबले. कुलपं आणि किल्ल्या करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

"बाई, दुकानातल्या कपाटाला माझ्या हातचं कुलूप आहे. ते दुसऱ्या किल्लीने उघडत नाही. आणि किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याजवळ."

"आणि दुसरी?"

काका पायऱ्या उतरले आणि जवळजवळ धावतच दुकानाकडे निघाले.

२

धाकटा भाऊ यंत्रावर किल्ली कापत होता. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. लग्न केलं नाही, थोरल्याच्याच घरात राहिला. आम्हाला बघून त्याने यंत्र बंद केलं.

"झालं का दादा?"

"करार कुठाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय विचारतोस? दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे!" काकांनी पावत्या त्याच्यापुढे आपटल्या. "चार महिने माझ्या मागे लागला होतास. मालकाचं ऐकू, नव्या बाजारात गाळा घेऊ. मी ऐकलं नाही म्हणून हा मार्ग काढलास?"

हे खरं होतं. मालकाने सांगितलं होतं की ज्यांच्याकडे करार आहे त्यांनी शिक्का न मारता जागा सोडली, तर तो मागच्या रस्त्यावरच्या नव्या बाजारात त्यांना गाळा देईल. धाकटा पहिल्या दिवसापासून त्या गाळ्याच्या बाजूने होता. आज सकाळीही तो कार्यालयात यायला तयार नव्हता.

"मी घेतला नाही, दादा."

"मग घेतला कोणी? भुताने?"

धाकट्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी समोरच उभी होते. त्याच्या ओठांवर एक वाक्य आलं आणि त्याने ते गिळलं. मग खिशातून कपाटाची किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली, खुंटीवरची पिशवी घेतली आणि तो निघून गेला.

"बघितलंत? एक शब्द बोलला नाही," काका म्हणाले. "पोटच्या पोरासारखा वाढवला हो त्याला."

पोलिसांनी 'कागद गहाळ' एवढं लिहून घेतलं आणि आम्हाला वाटेला लावलं. परत येताना काका म्हणाले, "बाई, तुम्ही कोर्टात इतकी माणसं बघितलीत. तुम्हीच शोधा. चोर सापडला नाही तरी चालेल. कागद सापडू दे."

मी हो म्हटलं आणि पावत्या पाकिटासकट पिशवीत टाकल्या. पण मला त्या गिळलेल्या वाक्याने पछाडलं होतं.

३

बुधवारी सकाळी मी आधी मालकाकडे गेले. तो त्याच इमारतीत वर राहतो. त्याच्या छताला टेकू लावलेले आहेत आणि बैठकीच्या खोलीत गळक्या पाण्यासाठी तीन बादल्या कायमच्या ठेवलेल्या आहेत.

"माझ्यावर संशय येणारच," तो म्हणाला. "करार गेला तर माझा फायदा आहे, मी कशाला नाकारू? चाळीस वर्षं खालच्या दुकानांच्या भाड्यात जिना झाडून घेता आला नाही मला. पण चोरी करायची गरज काय होती? मी गाळा देतच होतो."

"तुमच्याकडची प्रत?"

"वडिलांची ट्रंक भिजली, त्यात सगळं कुजलं. आणि बाई, असती तरी चालली नसती. कायद्याला भाडेकरूच्या हातातली प्रत लागते. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मग आता तो गाळा तरी द्या काकांना."

त्याने मान खाली घातली. "करार असता तर सोडण्याबद्दल गाळा. करारच नसेल तर जागा आपोआप आमची. माझ्या दोन्ही बहिणींच्या सह्या लागतात. त्या म्हणतील, कशासाठी?"

म्हणजे दोन्ही दारं एकदमच बंद झाली होती.

खाली उतरून मी शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेले. काकांची जागा मिळाली तर मधली भिंत पाडून दुकान मोठं करायचं, हे त्याचं जुनं स्वप्न. ते त्याने कधी लपवलं नाही.

"मला जागा हवी आहे, बाई. पण अशी नको," तो म्हणाला. "काका पाच वर्षं माझ्याशी भांडतात आणि रोज माझ्याच दुकानात पेपर वाचतात. आणा बघू त्या पावत्या आणि ते पाकीट."

त्याने पावत्या दिव्याखाली धरल्या आणि बारीक कामाचं जाड भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बघत राहिला.

"टाचणी कधी लावली असेल म्हणता?"

"कायदा आल्यावर. चार महिन्यांच्या आत."

"शक्य नाही." त्याने भिंग माझ्या हातात दिलं. "टाचणीला आतून गंज चढलाय. तो एकेका पावतीत झिरपून खालच्या पाकिटालाही लागलाय, त्याच जागी. माझ्या दुकानात बारीक स्क्रूंना गंज चढतो, मला ठाऊक आहे किती वेळ लागतो. हे कागद ह्या पाकिटात कित्येक वर्षं आहेत."

मी भिंगातून बघितलं. तांबूस डाग सहाही पावत्यांवर एकावर एक बसले होते. म्हणजे करार चोरीला गेला तेव्हा हा कायदा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. मालकाला त्याचा उपयोग नव्हता, चष्मेवाल्याला नव्हता. मग ज्या कागदाला कोणी विचारत नव्हतं, तो कोणी आणि कशासाठी नेला?

४

धाकटा मला नव्या बाजारात सापडला. तिथे एका मोठ्या किल्ल्यांच्या दुकानात तो काम विचारायला गेला होता. आम्ही बाहेरच्या कठड्यावर बसलो.

"मला फक्त दोन गोष्टी सांगा," मी म्हणाले. "ते कपाट दुकानात कधी आलं?"

"तीन वर्षं झाली. घराला रंग दिला तेव्हा अडचण व्हायला लागली म्हणून इकडे आणलं."

"त्याआधी?"

"घरी. आतल्या खोलीत."

"कुलूप?"

"घरी कशाला कुलूप? वहिनी त्यात चादरीसुद्धा ठेवायची. कुलूप इथे आणल्यावर दादाने घातलं."

म्हणजे दोन किल्ल्यांचा सगळा घोळ निकालात निघाला. कुलूप लागण्याआधीच पाकीट रिकामं झालं होतं. आणि ते त्या घरातल्या तिघांपैकीच कोणीतरी केलं होतं.

"आता दुसरी गोष्ट. काल तुम्ही काय बोलणार होतात?"

त्याने समोरच्या रस्त्याकडे बघितलं. "काही नाही."

"तुम्ही ते बोलला असतात तर सुटला असतात. मला तेवढं कळतं."

"बाई, काही बोलण्याने माणूस सुटतो आणि घर अडकतं." तो उठला. "दादा जेवला का काल?"

मी त्याला जाऊ दिलं. निर्दोष असल्याचा पुरावा हातात असून तो न दाखवणारी माणसं मी कोर्टात दोन-तीनदाच बघितली आहेत. प्रत्येक वेळी ती दुसऱ्या कोणाला तरी झाकत होती.

५

गुरुवारी दुपारी मी काकांच्या घरी गेले. काका दुकानात होते. काकू खिडकीपाशी शिवणाचं यंत्र मांडून बसल्या होत्या. त्या शेजारणींचे कपडे सैल-घट्ट करून देतात. एका अंगरख्याची बाही त्या दुमडत होत्या.

"सापडला का हो कागद?" त्यांनी मान वर न करताच विचारलं.

"नाही. काकांना वाटतं धाकट्यानेच नेला."

"छे! भाऊजी कशाला नेतील? त्यांचंच तर..." त्या थांबल्या. "त्यांचंच तर घर आहे हे."

मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. त्या टाचणी लावत होत्या. कापडातून आत, बाहेर, पुन्हा आत, आणि टोक कापडाच्या घडीत लपवलेलं, अंगाला टोचू नये म्हणून. काका आणि धाकटा कागदांना तार गुंडाळतात. मी स्वतः टाचणी सरळ एकदाच खुपसते. मी पिशवीतून पावत्या काढल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवल्या. तीच टाचणी. आत, बाहेर, पुन्हा आत, टोक घडीत.

काकूंनी हातातली टाचणी खाली ठेवली.

"काकू, करार धाकट्याच्या नावावर होता ना?"

काकूंनी गंजलेल्या टाचणीवरून बोट फिरवलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हीच सांगितलंत आत्ता. आणि परवा त्यांनी न बोलून सांगितलं. 'करार माझ्याच नावाचा आहे, मी कशाला चोरीन', एवढं म्हणाले असते तर काकांचं तोंड बंद झालं असतं."

काकूंनी बाही बाजूला ठेवली. "यांचा कारखाना बंद पडला तेव्हाचे दिवस तुम्ही बघितले नाहीत, बाई. आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मग सासऱ्यांनी दुकानात बसवलं, तेव्हा कुठे माणसात आले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, बापाची जागा थोरल्याकडेच येते. सासरे गेले त्या वर्षी मी कपाट आवरायला घेतलं आणि पाकीट उघडलं. करार त्याच्या आधीचा, हे कारखान्यात असतानाचा. दुकानात तेव्हा भाऊजी एकटेच बसायचे, म्हणून त्यांचं एकट्याचं नाव. सासऱ्यांच्या मनात काही वाईट नसेल हो. पण यांनी वाचलं असतं तर? पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं."

"म्हणून?"

"हे दर वर्षी पाकीट हातात घेऊन चाचपून बघायचे, उघडायचे नाहीत. लागेल तेव्हाच उघड, असं वडील म्हणाले होते ना. म्हणून जाडी जुळवली. पावत्यांवर काम भागत होतं. कोणाला लागणार होता तो कागद?"

"कुठे आहे तो?"

"बारा वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "मी तो गॅसवर धरला. राख मोरीत सोडली."

६

शुक्रवारी सकाळी काकू माझ्या टेबलापाशी आल्या. मी त्यांना सांगितलं होतं की प्रतिज्ञापत्र करून बघू, पण फार आशा धरू नका. मी धाकट्यालाही निरोप पाठवला होता. काकांना वाटत होतं, कागद हरवल्याचं काहीतरी लिहायचं आहे. ते दुकानाच्या दारात हात पुसत उभे राहिले.

"सांगा," मी म्हणाले.

"लिहा," काकू म्हणाल्या. नजर माझ्या यंत्रावर. "भाडेकरार मी माझ्या हाताने जाळला."

काकांनी आधी ऐकलंच नाही. मग ऐकलं. काकू थांबल्या नाहीत. कोणत्या वर्षी, का, त्यात कोणाचं नाव होतं, सगळं एका दमात सांगितलं. मी टाइप करत राहिले. दुसरं मी काय करणार होते?

काका दाराच्या चौकटीला टेकले. म्हणाले, "तू मला एवढा लहान समजलीस?"

काकूंनी पदराने नाही, हाताच्या पंजानेच डोळे पुसले.

"नाव त्याचं होतं, एवढ्यासाठी? अगं, चिडलो असतो. चार दिवस जेवलो नसतो. पाचव्या दिवशी त्याच्याच शेजारी बसून किल्ल्या घासल्या असत्या की."

"वहिनी."

धाकटा केव्हा आला, कोणाला कळलं नव्हतं. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होता.

"वहिनी, नाव माझं आहे हे मला ठाऊक होतं. बाबांनी करार केला त्याच दिवशी मला सांगितलं होतं. दादा दुकानात आला तेव्हा मी ठरवलं, त्याला कधी कळू द्यायचं नाही. म्हणूनच म्हणत होतो, गाळा घेऊ. शिक्का मारायला पाकीट उघडावं लागलं असतं ना."

एकाच घरात दोन माणसांनी बारा वर्षं एकाच माणसापासून एकच गोष्ट झाकली होती, आणि एकमेकांना त्याची खबर नव्हती. एकाने दुसऱ्याला नुसतं विचारलं असतं तरी तो कागद आज कपाटात असता.

काका धाकट्याकडे बघत होते. मंगळवारी त्याच्यापुढे पावत्या आपटलेला हात त्यांनी पाठीमागे नेला.

आम्ही चौघं कार्यालयात गेलो तेव्हा चार वाजून गेले होते. कारकुनाने प्रतिज्ञापत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. तो भला माणूस होता. माझ्यासमोरच कोर्टात उमेदवारीला लागला होता.

"बाई, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "कलमात 'मूळ प्रत' असे शब्द आहेत. मी शिक्का मारू कशावर?"

मला ते कलम पाठ होतं. त्यात तिसरा शब्द नव्हता.

"साहेबांना विचारता येईल?" काकांनी विचारलं.

"साहेबांनाही हेच कलम आहे, काका."

पाच वाजता त्याने खिडकी ओढून घेतली. आमच्या मागे आणखी अकरा माणसं उभी होती. त्यांच्यातल्या कोणाकडे झेरॉक्स होती, कोणाकडे अर्धं पान, कोणाकडे नुसती पावत्यांची चळत. कोणी आरडाओरडा केला नाही. माणसं हळूहळू पायऱ्या उतरून गेली.

फाटकाशी धाकटा म्हणाला, "दादा, मी तिकडच्या दुकानात नोकरी धरली. सोमवारपासून जायचंय. शब्द देऊन बसलो."

"जा," काका म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर वळले. "जेवायला घरी येत जा."

७

नोटीस मालक स्वतः खाली घेऊन आला. शिपायाकरवी पाठवू शकला असता. तीन महिन्यांची मुदत होती. काकांनी ती वाचून घडी केली आणि त्याला बसायला स्टूल दिलं. तो बसला नाही.

त्या तीन महिन्यांत काकांनी सत्तर-ऐंशी जुनी कुलपं दुरुस्त करून ज्याची त्याला पोचवली. काकू रोज दुपारी डबा घेऊन यायच्या, दोघं समोरासमोर बसून जेवायचे. बोलणं फारसं नसायचं. एकदा मी काकांना विचारलं, काकूंवर राग आहे का. ते म्हणाले, "राग धरायला कोणीतरी वाईट लागतं हो. आमच्यात कोण आहे वाईट, सांगा तुम्ही."

मी चोर शोधला होता, कारण शोधलं होतं, गंज आणि टाचणीपर्यंत सगळं जुळवलं होतं. कोर्टात असा तपास झाला असता तर साहेबांनी शाबासकी दिली असती. एवढं करून दुकानाची एक फळीसुद्धा मला जागेवर ठेवता आली नाही.

ताबा देण्याच्या दिवशी मालकाने छापील कागद आणला. 'मी, खाली सही करणारा भाडेकरू, जागेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा देत आहे.' भाडेकरूच्या नावाची जागा कोरी होती. मालकाने पेन काकांपुढे धरलं.

काकांनी चष्मा लावला. सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत त्यांनी कोऱ्या जागेत धाकट्याचं नाव लिहिलं. मग पेन शेजारी उभ्या असलेल्या धाकट्याकडे दिलं.

"सही तू कर. जागा तुझी होती."

धाकटा नको नको म्हणत राहिला. शेवटी त्याने सही केली. मालकाने कागद घेतला, नाव वाचलं आणि घडी घातली. दोघा भावांनी किल्ल्या कापायचं यंत्र दोन्ही बाजूंनी उचललं आणि हातगाडीवर ठेवलं.

दुपारी चष्मेवाल्याचा सुतार मधल्या भिंतीचं माप घ्यायला आला.